फादर दिब्रिटोंना हार घालणाऱ्यांनो, आधी बावखलं वाचवा

प्रति,
वसई तालुक्यातले सर्व पक्षांचे लोकप्रतिनिधी आणि इथल्या जमिनीबद्दल, पाण्याबद्दल निर्णय घेणारे सर्व अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

धर्मगुरू, मराठी लेखक आणि वसईची शेतजमीन, पाणी वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या 'हरित वसई' आंदोलनाचे नेते फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. तेव्हापासून तुमच्यापैकी अनेकांना त्यांच्याबद्दल चांगलं बोलताना मी ऐकलं आहे. पक्ष कोणताही असो, भाषणात 'हरित वसई' हे दोन शब्द येतातच. फोटोला हार घातला जातो, दोन मिनिटं शांतता पाळली जाते, कुणीतरी स्मारकाचा विषय काढतं. त्या आदराबद्दल माझी तक्रार नाही. ज्या जमिनीसाठी आणि ज्या पाण्यासाठी हा माणूस रस्त्यावर उतरला, ती जमीन आणि ते पाणी तुमच्या डोळ्यांदेखत जातं आहे आणि त्याबद्दल तुम्ही गप्प आहात, ही माझी तक्रार आहे. अर्ज देऊन झाले, पोचपावत्या घेऊन झाल्या. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

मी हरित पट्ट्यातल्या, म्हणजे वसईच्या पश्चिमेकडच्या वाड्यांच्या पट्टीतल्या, एका गावची. आमची वाडी आहे, थोडी केळी, थोडा मोगरा, पावसाळ्यानंतर भाजी. आजी आणि आई फुलांच्या, भाजीच्या पाट्या घेऊन पहाटेच्या लोकलने मुंबईला जायच्या. त्यांच्या डोक्यावरच्या त्या पाट्यांवर आमचं घर उभं राहिलं आणि माझं शिक्षण झालं. मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरी गौरी-गणपती बसतात. हे मुद्दाम सांगते, कारण हरित वसईचा विषय निघाला की 'हा त्यांचा विषय' असं म्हणणारे अजूनही भेटतात.

हे पत्र लिहायला निमित्त झालं ते आमच्या वाडीमागच्या बावखलाचं. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, बावखल म्हणजे गावातलं जुनं खोदीव तळं. पूर्वजांनी सखल जमिनीत खोदकाम करून निघालेली माती घराच्या जोत्याला आणि वाडीला घातली, आणि खड्ड्यात पावसाचं पाणी साठू दिलं. आमच्या बावखलाच्या काठाला भेंडीची दोन जुनी झाडं आहेत. पाऊस पडला की बेडकांचा आवाज घरात बोलू देत नाही. खंड्या वर तारेवर बसून असतो. मार्चपर्यंत पाणी टिकतं आणि तोवर शेजारच्या विहिरीची पातळी हलत नाही.

त्या बावखलात रात्री डंपर रिकामे होऊ लागले. सकाळी जाऊन पाहिलं तर काठालगत पाण्यात फरश्यांचे तुकडे, गिलाव्याचे पापुद्रे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि एक मोडका कमोड. एका भेंडीच्या बुंध्याला कमरेइतका राडारोडा लागलेला. तक्रार घेऊन गेले तेव्हा आधी विचारलं गेलं की जागा कुणाची. मग सांगण्यात आलं की सातबाऱ्यावर तळं दिसत नाही, त्यामुळे तळं बुजवलं असं म्हणता येणार नाही. नंतर पाहणी करू, असं म्हणाले. पाहणीला कुणी आलं नाही. भराव मात्र आला, आणखी आला, आणि आता अर्धं बावखल सपाट झालं आहे.

मी कुणा एका कार्यालयाचं किंवा माणसाचं नाव घेत नाही. हरित पट्ट्यातल्या कुठल्याही गावात विचारा, कुणी ना कुणी हीच हकीकत सांगेल, फक्त बावखलाची जागा बदलेल. म्हणून पत्र तुम्हा सगळ्यांना आहे.

आता फादरांबद्दल. त्यांचा जन्म ४ डिसेंबर १९४२चा, नंदाखालचा. जिथे पाण्यावाचून काहीच उभं राहत नाही अशा वाड्यांच्या मुलखात ते वाढले. धर्मगुरू झाले, मराठीत लिहू लागले. १९८३ पासून २००७ पर्यंत ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. चर्चचं मासिक त्यांनी सगळ्या मराठी वाचकांसाठी उघडं केलं. तुकोबा आणि ज्ञानोबा त्यांच्या बोलण्यात सहज यायचे. आपल्या देवळातल्या कीर्तनातही ते परके वाटले नसते, असं आमचे आजोबा म्हणायचे, आणि आजोबा सहसा कुणाची तारीफ करणारे नव्हते.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस वसईची शेतजमीन मोठ्या प्रमाणावर बांधकामाला मोकळी होऊ लागली. रेल्वेच्या दोन्ही अंगांना इमारती आल्या आणि त्यांना नळाचं पाणी नव्हतं. ते पाणी आमच्या विहिरींतून गेलं. टँकर रात्रंदिवस चालायचे. एका विहिरीवर मोठा पंप लागला की शेजारच्या चार वाड्यांच्या विहिरी उतरायच्या. इथला समुद्रकाठचा भाग रेताड आहे. पावसाचं गोडं पाणी रेतीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं. वरून जास्त उपसा झाला की खालचं खारं पाणी वर चढतं. विहीर आटत नाही, मचूळ होते. मचूळ पाण्यावर केळ पिवळी पडते, पानवेल तर तगतच नाही. आणि खारं झालेलं पाणी एका पावसाळ्याने गोडं होत नाही.

हे वाडीवाल्याला ठाऊकच होतं. ते मोठ्याने बोलायची मात्र भीती होती. टँकरमागे पैसा होता, जमिनीमागे त्याहून मोठा पैसा होता, आणि पैशाबरोबर दहशत होती. त्या काळच्या वसईत संध्याकाळनंतर काही विषय दारं लावूनच बोलले जायचे. फादरांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून तो विषय उघड्यावर आणला. झगा घातलेला धर्मगुरू टँकरविरुद्ध बोलतो, मोर्चाच्या पुढे चालतो, हे लोकांनी पाहिलं आणि मग लोकही घराबाहेर पडले. आई मला घेऊन गेली होती. माझ्या आठवणीत घोषणा फारशा नाहीत, बायका आहेत. लाल लुगड्यातल्या सामवेदी ख्रिस्ती बायका, नऊवारीतल्या वाडवळ बायका, कोळणी. रोज लोकलच्या डब्यात जागेवरून भांडणाऱ्या त्याच बायका त्या दिवशी एकमेकींच्या हाताला धरून चालत होत्या.

तेव्हाही या आंदोलनाला धर्माचा रंग द्यायचा प्रयत्न झाला. फादरांनी तो लागू दिला नाही. पाणी उतरताना विहीर कुणाची हे पाहत नाही, ही साधी गोष्ट धरून ते बोलत राहिले. आंदोलनामुळे सगळं थांबलं असं मी म्हणत नाही. नालासोपारा, विरार, वसई रोड कसं वाढलं ते सगळ्यांना दिसतं आहे. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. पण पश्चिमेकडे आज जी वाड्यांची पट्टी शिल्लक आहे, ती त्या लोकांच्या उभं राहण्यामुळे आहे, असं माझं ठाम मत आहे. आजही आगाशीची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, बाजारात येते. तिच्यामागे राजेळी केळ आहे आणि केळीमागे गोडं पाणी आहे.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे फादर अध्यक्ष होते. त्या पदावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवडीला विरोध झाला, प्रकृती साथ देत नव्हती, पाठीचं दुखणं बळावलेलं, तरी ते गेले. वसईत त्या दिवशी आम्हाला काय वाटलं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. तुम्हीही अभिनंदनाचे फलक लावले होते. त्या फलकांवर त्यांच्या फोटोपेक्षा तुमचे फोटो मोठे होते, ते मला आवडलं नव्हतं आणि आज तेही सांगून टाकते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली बावखलांचीच. इतकी मोठी, पिढ्यान्‌पिढ्या कामाला आलेली पाण्याची व्यवस्था सरकारी कागदावर नसल्यासारखी आहे. आमच्या बावखलाची सातबाऱ्यावर वेगळी नोंद नाही. नोंद नाही म्हणून संरक्षण नाही, आणि संरक्षण नाही म्हणून भराव टाकणाऱ्याला कुणाची धास्ती नाही. एकदा बावखल सपाट झालं की दोन पावसाळ्यांत तिथे गवत उगवतं, मग पत्र्याची शेड येते, मग 'जुनं बांधकाम' तयार होतं. हा क्रम आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. तुमच्यापैकी अनेक जण याच गावांत वाढले आहेत, तुम्हीही पाहिला आहे. ज्या बावखलात तुम्ही पोहायला शिकलात ते आज कुठे आहे, हे एकदा जाऊन बघा.

जुलै २०१८ मध्ये वसई पाण्यात बुडाली होती. दिवसच्या दिवस वीज नव्हती, लोकल बंद होत्या, मिठागरातली माणसं अडकून पडली होती. त्यानंतर तज्ज्ञांचा अभ्यास झाला आणि पावसाचं पाणी थोपवून धरायला धारण तलाव हवेत, हे सांगितलं गेलं. अहो, मग गावोगावची बावखलं हे दुसरं काय आहे? आयते, फुकटचे, मुरवणीचे तलाव. नव्या तलावांसाठी निधी मागायचा आणि असलेल्या तलावांत रात्री राडारोडा पडू द्यायचा, याचा हिशोब मला लागत नाही.

दुसरी तक्रार भूजलाची. टँकर संपलेले नाहीत. सूर्या धरण प्रकल्पाचं नळाचं पाणी आलं, त्याने फरक पडला हे मी मान्य करते. तरी बोअरवेल वाढतच आहेत आणि कुठून किती पाणी उपसलं जातं हे गावकऱ्यांना कळायची सोय नाही. महाराष्ट्रात भूजल विकास व व्यवस्थापन अधिनियम २००९ आहे. कायदा कपाटात ठेवायला केलेला नाही.

तिसरी आराखड्यांची. गावांचं भवितव्य ठरवणारे नकाशे आमच्यापर्यंत येतात तेव्हा हरकती नोंदवायचे दिवस संपत आलेले असतात. नकाशातले रंग, आकडे, आरक्षणाच्या खुणा सामान्य वाडीवाल्याला समजतील अशा मराठीत कुणी सांगत नाही. २००९ साली महानगरपालिका झाली. तेव्हापासून गावं आत की बाहेर, या प्रश्नावर लोक भांडत राहिले. त्यातल्या २९ गावांचा वाद वर्षानुवर्षं न्यायालयात रेंगाळला. तो वाद इथे उकरत नाही. गाव महापालिकेत असो की ग्रामपंचायतीत, वाडीचं पाणी तेच आहे आणि ते सांभाळायची जबाबदारी कुणा ना कुणावर आहेच. आम्ही एका दारात गेलो की दुसरं दार दाखवलं जातं, हे थांबलं पाहिजे.

किनाऱ्यावरची रेती, कापले जाणारे तिवर, समुद्राकडे कोसळणारी सुरूची झाडं, यांवर वेगळं पत्र लिहावं लागेल. इथे फक्त नोंद करते.

आणि एक तक्रार आठवणीची. फादरांचं नाव चौकाला द्यायचं की रस्त्याला, यावर बोलणारे भेटतात. हरित वसईची पत्रकं, निवेदनं, मोर्च्यांचे फोटो, त्या काळची कात्रणं कुठे आहेत, हे विचारणारा मात्र भेटत नाही. लोकांच्या घरी, ट्रंकांत, माळ्यावर ते कागद आहेत. वसईची हवा दमट, कागद फार टिकत नाहीत. त्या मोर्च्यांत चाललेल्या बायका आता सत्तरी-ऐंशीत आहेत. माझी आई गेली. तिने त्या दिवसाबद्दल काय सांगितलं असतं, ते कुणी लिहून घेतलं नाही.

तुमच्या बाजूने काय सांगितलं जातं तेही मला ठाऊक आहे. लोकांना घरं हवीत. हवीतच. मुंबईत परवडत नाही म्हणून इथे आलेल्या माणसाशी माझं भांडण नाही. तोही टँकरच्या रांगेत उभा राहिलेला आहे, २०१८ मध्ये त्याच्याही घरात पाणी शिरलं होतं. बावखल बुजवून बांधलेल्या इमारतीत तळमजला घेणाऱ्याची तर शुद्ध फसवणूक होते. शेतकरीच जमिनी विकतात, असंही तुम्ही म्हणता. विकतात, खरं आहे. विहीर मचूळ झाली, बांधाला भराव आला, शेजारच्या इमारतीचं सांडपाणी वाडीत शिरलं की माणूस किती वर्षं तग धरणार? आधी शेती अशक्य होऊ द्यायची आणि मग शेतकऱ्याला शेती नको आहे असं म्हणायचं, हे न्यायाचं नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

तालुक्यातल्या प्रत्येक बावखलाची, तलावाची, सार्वजनिक विहिरीची गावकऱ्यांना सोबत घेऊन मोजणी करा. सर्व्हे नंबरसह यादी आणि नकाशा गावागावांत लावा, आणि महसूल दप्तरात पाण्याची जागा म्हणून नोंद करा. जी बावखलं खासगी मालकीची आहेत तिथे मालकावर नुसता बडगा नको. ती राखणाऱ्याला करात सवलत किंवा गाळ काढायला मदत द्या.

मोजणी पूर्ण होईपर्यंत हरित पट्ट्यात एकाही पाणथळ जागेवर भरावाला परवानगी देऊ नका. विनापरवाना टाकलेला भराव टाकणाऱ्याच्या खर्चाने काढायला लावा. २०११ साली जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या एका गावचं सार्वजनिक तळं बुजवून बांधणाऱ्यांना हटवायला सांगितलं आणि गावाच्या सामाईक जमिनी गावाला परत मिळवून देण्यासाठी सगळ्या राज्यांना योजना करायला लावली. त्यानंतर १२ जुलै २०११ रोजी महाराष्ट्र शासनाचा निर्णयही निघाला. तुमच्या हातात अधिकार नाहीत, असं कृपया सांगू नका.

राडारोडा वाहणाऱ्या प्रत्येक डंपरकडे तो कुठून आला आणि कुठे जाणार याचा परवाना असावा, आणि रात्री तो तपासणारं पथक असावं. रात्री तक्रार केली तर उचलला जाणारा एक फोन नंबर जाहीर करा.

विक्रीसाठी पाणी उपसणाऱ्या विहिरी आणि बोअरवेल यांची नोंद, मीटर आणि दर महिन्याचा उपसा लोकांसमोर ठेवा. समुद्रालगतच्या गावांतल्या विहिरींचा खारटपणा पावसाळ्याआधी आणि नंतर मोजा. महागडी यंत्रं लागत नाहीत. शाळेची विज्ञानाची मुलंही हे शिकून करू शकतील.

कुठलाही विकास आराखडा किंवा जमीन वापराचा बदल गावात येऊन, मराठीत समजावून, सभा घेऊन मगच पुढे न्या. सभा कामाच्या दिवशी सकाळी ११ वाजता नको. बायका बाजारातून परत आलेल्या असतील अशा वेळी ठेवा.

फादरांच्या नावाने काही करायचंच असेल तर एक वाचनालय करा, जिथे हरित वसईचे कागद जपले जातील आणि चळवळीतल्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवल्या जातील. त्यात सगळ्या समाजांची माणसं घ्या. विरोधात असलेल्यांनाही बोलवा, त्यांचंही म्हणणं नोंदलं जाऊ दे. पुतळ्याचा खर्च याकडे वळवा.

या मागण्यांवर मला गोल उत्तर नको. कोणती मान्य, कोणती अमान्य आणि का, हे लेखी द्या, आणि ते उत्तर माझ्या एकटीच्या नावाने न पाठवता प्रत्येक गावच्या सूचना फलकावर लावा. मोजणीला माणसं कमी पडत असतील तर सांगा. आमच्या गावातली तरुण मुलं यायला तयार आहेत, म्हातारी माणसं कुठे काय होतं ते दाखवायला तयार आहेत. आमच्या बावखलाचं अजून अर्धं पाणी शिल्लक आहे. पावसाळ्याआधी आलात तर भराव कुठपर्यंत आला आहे ते कोरड्या पायांनी पाहता येईल.

आपली,
हरित पट्ट्यातली एक वाडीवाली